सालसा शिकलो म्हणजे 'लॅटिन' शिकलो का?

फोंडेकरीण (मूळ लेखन)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी, आमचे हे आणि आमची बारा वर्षांची लेक असे तिघेही दर शनिवारी संध्याकाळी फोंड्याहून पणजीला नाच शिकायला जातो. घरात भजन, घुमट आरती आणि चतुर्थीच्या फुगड्या यांपलीकडे नाचण्याची रीत नसल्यामुळे सुरुवातीला सासूबाईंनी नाक मुरडले होते, आता त्याच दुपारी चारला "अजून निघाला नाहीत?" असे विचारतात. आम्ही शिकतो ते सालसा आणि बचाटा. वर्गाच्या पाटीवर आणि पावतीवर मात्र 'लॅटिन' एवढेच लिहिलेले आहे, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या एका शब्दाने केला.

मागच्या महिन्यात गोव्याबाहेरच्या एका स्पर्धेला लेकीला घेऊन गेलो. अर्जात 'लॅटिन' हा रकाना दिसला, तो भरला आणि पैसे पाठवले. तिने आणि तिच्या जोडीदाराने दीड मिनिटाचा सालसा बसवला होता. तिथे नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी विचारले, "चा-चा-चा आणि जाइव्ह कोणत्या पातळीचे करता?" लेकीने माझ्याकडे पाहिले, मी ह्यांच्याकडे पाहिले आणि ह्यांनी छताकडे. आमचे गाणे पेनड्राइव्हवर आणले आहे, असे मी सांगताच बाईंना हसू आवरेना, कारण या गटात संगीत आयोजक लावतात, जोड्यांना ते आधी ठाऊक नसते आणि सगळ्या जोड्या एकाच वेळी त्यावर नाचतात. सालसाचा गट निराळा होता आणि त्यात आमची नोंद नव्हती. लेक दिवसभर प्रेक्षकांत बसून राहिली. खाण्याचा डबाही तसाच परत आला. वर्गाच्या शिक्षकांनी आम्हांला खोटे असे काही सांगितले नव्हते, पण खरे काय ते सांगण्याची गरजही त्यांना वाटली नव्हती, आणि आम्हीही कधी विचारले नाही.

घरी येऊन वाचत बसले, तेव्हा कळले की स्पर्धेतले 'लॅटिन' म्हणजे ठरलेले पाच नाच: सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह. यांत सालसा नाही, बचाटा नाही, मेरेंगे नाही. तांगो तर 'स्टँडर्ड' नावाच्या दुसऱ्या पाच नाचांच्या संचात वॉल्ट्झच्या पंगतीला बसलेला. उलट या लॅटिन पाचांतला पासो दोब्ले हा स्पेनमधल्या बैलझुंजीच्या संगीतावरचा, आणि जाइव्ह हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लिंडी हॉपचा वंशज, जो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांबरोबर इंग्लंडात उतरला. धालोंच्या मांडावरून फुगडी काढून टाकावी आणि तिच्या जागी लेझीम घालावी, तसे मला हे वाटले.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. त्या दिवशी चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी माझ्यापासून चार हातांवर रुंबा करत होती. तिचे पाऊल आधी चवड्यावर पडे, टाच टेकेपर्यंत गुडघा सरळ होई, आणि कंबर त्यानंतर, काही तरी विसरलेले आठवावे तशी, बाजूला सरकून थांबे. आमच्या वर्गात "कंबर हलवा" एवढेच सांगतात. इथे कंबर कोणी हलवत नव्हते. पावलामुळे ती आपसूक हलत होती.

तर जाणकारांना माझे प्रश्न असे: हे पाचच नाच कोणी आणि का ठरवले? आमची सालसाची दोन वर्षे स्पर्धेच्या दृष्टीने वाया गेली असे समजायचे का? आणि लेकीला आता त्या बाजूला वळवावे की आहे तिथेच राहू द्यावे?

पाठीवरचा क्रमांक

ताई, पर्वरीला स्थायिक होण्याआधी मी सात वर्षे या स्पर्धांत उतरलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

हे पाच नाच हवानात किंवा रिओत एकत्र आले नाहीत. ते एकत्र आले लंडनमध्ये. १९३० साली डॉन आस्पियासू यांच्या क्यूबन वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये केलेली ध्वनिमुद्रिका गाजली आणि 'रुंबा' हे नाव जगभर झाले. मौज अशी की ते संगीत वस्तुतः 'सोन' या क्यूबन प्रकाराचे होते. क्यूबातला खरा रुंबा म्हणजे ढोल, गाणे आणि टाळ्यांवर चालणारा वाडीवस्तीतला नाच, ज्याला युनेस्कोने २०१६ साली वारशाच्या यादीत घेतले. स्पर्धेतल्या संथ, शृंगारिक रुंब्याशी त्याचे नावापुरतेच नाते आहे. लंडनमध्ये प्येर या नावाने ओळखले जाणारे फ्रेंच वंशाचे शिक्षक आणि त्यांच्या सहकारी डोरिस लाव्हेल हा रुंबा चौकोनी पावलांत शिकवत असत. १९४७ साली प्येर हवानाला गेले आणि तिथले लोक पाऊल दुसऱ्या ठोक्यावर मोडतात, म्हणजे त्या ठोक्यावर पावलाची दिशा पालटतात, हे पाहून थक्क झाले. परत येऊन त्यांनी आपलेच जुने शिकवणे चूक ठरवले. इंग्लंडमधल्या शिक्षकांत यावरून कित्येक वर्षे भांडण चालले, आणि त्याला 'रुंबायुद्ध' असेच नाव पडले. शेवटी प्येर यांची पद्धत टिकली.

चा-चा-चाचे जनक एन्रिके होर्रिन हे क्यूबन व्हायोलिनवादक. मांबो या क्यूबन प्रकारातले आडवे ठोके सामान्य नाचणाऱ्यांना झेपत नाहीत हे पाहून त्यांनी १९५०च्या सुमारास सोप्या, सरळ लयीची गाणी बांधली. त्यांवर नाचणाऱ्यांच्या तीन झटपट पावलांचा जमिनीवर घासल्यासारखा जो आवाज येई, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. प्येर १९५२ साली पुन्हा क्यूबात गेले आणि तो नाच घेऊन आले. पासो दोब्लेची घडण फ्रान्समध्ये झाली, म्हणून त्यातल्या पवित्र्यांची नावे आजही अपेल, शासे, सुर प्लास अशी फ्रेंच आहेत. त्यात पुरुष मातादोर, म्हणजे बैलाशी झुंजणारा, असतो आणि स्त्री बहुतेक वेळा त्याच्या हातातले कापड. सांब्याचे म्हणाल, तर रिओच्या रस्त्यावरच्या माणसाला स्पर्धेतला सांबा दाखवला, तर तो नम्रपणे विचारील की हे काय आहे.

तुमच्या पेनड्राइव्हच्या प्रश्नाचे उत्तर स्पर्धेच्या रचनेतच आहे. प्रत्येक नाचाची गती बांधलेली असते: रुंबा मिनिटाला २५ ते २७ आवर्तने, चा-चा-चा ३० ते ३२, जाइव्ह ४२ ते ४४, या तिन्हींचे आवर्तन चार मात्रांचे, सांबा ५० ते ५२ आणि पासो दोब्ले ६० ते ६२, यांचे दोन मात्रांचे. अंतिम फेरीत साधारणपणे सहा जोड्या असतात आणि पाचही नाच तुम्ही वर लिहिलेल्या क्रमाने, म्हणजे सांब्यापासून जाइव्हपर्यंत, दीड-दोन मिनिटांचा एकेक, जवळजवळ न थांबता होतात. जाइव्ह सर्वांत शेवटी येतो. चार नाचांनंतर पोटऱ्या पेटलेल्या असताना सर्वांत वेगवान नाच हसतमुखाने करायचा, ही खरी परीक्षा.

परीक्षक विषम संख्येने असतात. आधीच्या फेऱ्यांत ते गुण देत नाहीत. कोणत्या जोड्या पुन्हा पाहायच्या तेवढ्यांवर खूण करतात. अंतिम फेरीत प्रत्येक नाचासाठी पहिला, दुसरा असे क्रम लावतात आणि निकाल बहुमताने लागतो. सातांपैकी चौघांनी तुम्हांला दुसरे किंवा त्याहून वर ठेवले, तर एखाद्याने तुम्हांला शेवटचे टाकले तरी फारसे बिघडत नाही. परीक्षकाला एकेका जोडीसाठी फेरीत मिळतात मोजके क्षण. म्हणून तिथे रेषा लांब ठेवतात, मान उंच ठेवतात आणि भाव दुरून दिसेल इतका ठळक करतात. हे ज्यांना नाटकी वाटते, त्यांनी आपल्या देवळातल्या नाटकांत चेहरा उजळायला किती रंग फासावा लागतो ते आठवावे.

दोन वर्षे वाया मुळीच गेलेली नाहीत. मात्र पावलांची सवय मोडावी लागेल, आणि बाराव्या वर्षी ती मोडते.

सहावा ठोका

पाठीवरचा क्रमांक यांनी लिहिलेला इतिहास योग्य आहे, पण त्यातून असे चित्र उभे राहते की सालसा ही स्पर्धेच्या आधीची कच्ची पायरी आहे. ते मला मान्य नाही.

सालसाला स्वतःचे घराणे आहे. न्यूयॉर्कच्या पॅलेडियम सभागृहात १९४८ पासून मांबोचा जो जोर होता, त्यात क्यूबन, पोर्तोरिकन, इटालियन, ज्यू आणि कृष्णवर्णीय असे सगळे एकाच फरशीवर नाचत, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. क्यूबन क्रांतीनंतर आणि १९६२च्या निर्बंधांनंतर हवानाहून येणारे संगीत आटले. न्यूयॉर्कमधल्या पोर्तोरिकन वस्त्यांतल्या वादकांनी तोच सोन, तोच मांबो आपल्या पद्धतीने वाजवायला घेतला. १९६४ साली जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी फानिया ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली आणि त्या संगीताला 'सालसा' हे बाजारात चालणारे नाव चिकटले. बचाटा तर त्याहून उपेक्षित. डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहिल्यो १९६१ साली मारला गेला. त्याच्या पुढच्याच वर्षी होसे मानुएल काल्देरोन यांनी या गिटारच्या गाण्यांची पहिली ध्वनिमुद्रणे केली. प्रतिष्ठितांनी ती दारूच्या गुत्त्यातली गाणी म्हणून कित्येक दशके दाराबाहेर ठेवली आणि २०१९ साली युनेस्कोने त्याच बचाट्याला मान दिला. तमाशा आणि लावणी यांची कहाणी ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता ठेक्याविषयी, कारण आपल्या लोकांची खरी गफलत तिथे होते. सालसा आठ मात्रांत मोजतात. चौथ्या आणि आठव्या मात्रेवर पाऊल नसते. तबला ऐकत वाढलेला आपला कान हे लगेच केहरव्यासारखे धरतो आणि पहिल्या मात्रेवर सम मानून जोरात पाऊल टाकतो. पहिल्यावर मोडणारी शैली आपल्याला सोपी जाते ती यामुळेच. पण या संगीताचा कणा आहे क्लावे: दोन लाकडी दांड्यांवर वाजणारे पाच आघात. सोळा सूक्ष्म मात्रा धरल्या, तर आघात पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर पडतात. तोंडाने मोजून पाहा: तीन, तीन, चार, दोन, चार. पहिल्या अर्ध्यात तीन आघात, दुसऱ्यात दोन. इथे समेवर येऊन सुटका होत नाही. एक अर्धा ओढतो आणि दुसरा सैल सोडतो. दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेवर मोडणारी न्यूयॉर्क शैली शिकताना मी सहा महिने चुकत होतो. शेवटी ज्या गृहस्थांनी मला वाटेवर आणले, ते नाचाचे शिक्षक नव्हते, तर आमच्या वाड्यावर आरतीला समेळ वाजवणारे काका होते. त्यांनी दोनदा गाणे ऐकले, मांडीवर क्लावे धरला आणि म्हणाले, "हांगा पाय नाका, हांगा राव." इथे पाऊल नको, इथे थांब.

राहिला मुद्दा जोडीदाराचा. स्पर्धेत जोडी ठरलेली, नाच बसवलेला, सराव महिनोन्‌महिने झालेला. सोशलमध्ये, म्हणजे निव्वळ हौसेच्या नाचात, समोर अनोळखी व्यक्ती येते, गाणे माहीत नसते आणि चार मिनिटांत त्या हाताचा दाब वाचून पुढचे पाऊल ठरवायचे असते. नेणारा सुचवतो, येणारी ऐकते आणि कधी कधी उत्तरही देते. इथला परीक्षक एकच असतो, आणि त्याने तुमचा हात हातात धरलेला असतो.

पाठीवरचा क्रमांक

शेवटचे वाक्य टाळ्या घेणारे आहे, पण अर्धवट आहे. बसवलेल्या नाचातही नेणे आणि ऐकणे असतेच. सांबा आणि पासो दोब्ले हे नाच फरशीभर, घड्याळाच्या उलट दिशेने फिरत जातात. समोर अचानक दुसरी जोडी आडवी आली, की बसवलेला नाच तिथेच संपतो आणि जोडीदाराचा हात ऐकणे सुरू होते. माझ्या उजव्या भुवईवरची खूण दुसऱ्या एका जोडीच्या कोपराची आहे.

सहावा ठोका

मान्य. भुवईची नुकसानभरपाई म्हणून शब्द मागे घेतो.

अनवाणी

मी भरतनाट्यम शिकवते, त्यामुळे बाहेरची म्हणून विचारते. लहान मुलींना शृंगाराचे नाच, उघडे पोशाख आणि उंच टाचा यांत घालणे कितपत योग्य आहे? दुसरे असे की, गुडघा एवढा सरळ ताणून त्यावर वजन टाकणे वाढत्या वयाला सोसते का? आमच्याकडे अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्यात, गुडघ्यांची काळजी घेता घेता आयुष्य जाते.

पाठीवरचा क्रमांक

रास्त प्रश्न आहेत. या स्पर्धांच्या जागतिक महासंघाच्या नियमांत लहान वयोगटांसाठी पोशाखाचा आकार, त्यावरची चमक, रंगरंगोटी आणि टाचेची उंची या सगळ्यांवर बंधने आहेत, आणि नवशिक्या मुलांना ठरावीक यादीतलेच पवित्रे करता येतात. लहान मुले बहुधा चा-चा-चा आणि जाइव्हपासून सुरुवात करतात. रुंब्याचा भाव त्यांच्याकडून कोणी शहाणा शिक्षक मागत नाही. मागितला, तर तो वर्ग सोडावा. गुडघा सरळ होतो याचा अर्थ तो मागे दाबून कुलूप लावायचा असा नाही. मांडीचा स्नायू तो धरून ठेवतो. हा फरक ज्याला शिकवता येत नाही, त्याच्याकडे गुडघे नक्की दुखतात.

आणि गोव्यापुरते सांगायचे, तर गुडघ्यांना त्याहून मोठा धोका वाळूचा आहे. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी सालसाच्या रात्री होतात. वाळूत पाऊल रुतते, वरचे शरीर गिरकी घेते आणि मधला गुडघा पिळला जातो. फोटो छान येतात.

जुना ट्रम्पेट

बरेच दिवस नुसते वाचत होतो, आज लिहितो. मी साष्टीतला, चाळीस वर्षे लग्नांत आणि क्लबांत वाजवले. मराठी माझ्या शाळेची भाषा, तेव्हा चूकभूल माफ असावी.

तुम्ही सगळे पणजीचा वर्ग आणि बाहेरची स्पर्धा याच दोन टोकांविषयी बोलता. मधली फरशी विसरलात. आमच्या ख्रिस्ती लग्नांत मार्च झाला, नवरानवरीचा वॉल्ट्झ झाला, की बँड चा-चा-चा धरतो आणि ऐंशी वर्षांची आवय नातवाचा हात धरून उठते. तिला कोणी शिकवले नाही. जाइव्ह वाजला, की पोटे सुटलेले मामा असे फिरतात की तरुण पोरे बाजूला होतात. त्या चा-चा-चात कंबरेचे शास्त्र नाही, टाच आधी पडते, हात कुठेही जातात. पण तीन झटपट पावले बरोबर जागेवर पडतात. आणि शेवटी कोकणी 'मसाला', म्हणजे एकाला एक जोडलेली गाणी, सुरू झाला, की सगळ्या शैली एकत्र होतात.

हे कुठून आले ते सांगतो. चर्चच्या शाळेत आम्हांला सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, आणि व्हायोलिन लहानपणीच मिळायचे. त्या जोरावर गोव्याचे वादक मुंबईला जाऊन हॉटेलांच्या बँडमध्ये बसले आणि तिथून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात. चिक चॉकलेट म्हणून गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ आमच्या हळदोण्याचे, ते सी. रामचंद्रांबरोबर काम करत. पुणतांब्याचा मराठी संगीतकार आणि हळदोण्याचा ट्रम्पेट एकत्र आले, आणि तुमच्या घरातल्या मोठ्यांनी बोंगो प्रथम ऐकला तो बहुधा तिथेच. इकडे मडगावचे ख्रिस पेरी यांनी साठ-सत्तरच्या दशकांत कोकणी गाण्यांना जाझ आणि लॅटिन ठेक्यांचा साज चढवला. लॉर्नाबाईंचा आवाज त्यावर. ती गाणी आम्ही आजही वाजवतो, आणि तुमचा चा-चा-चा त्यांच्यावर होतो.

आणखी एक. आमचा मांडो पाहा. पुरुष एका ओळीत, बायका दुसऱ्या, हातात पंखा, पावले घसटती, लय संथ, सोबत व्हायोलिन आणि घुमट. दोन ओळी जवळ येतात, ओलांडतात, पण स्पर्श नाही. बॉलरूमचा थाट आणि आपली मर्यादा यांनी केलेली ही तडजोड आहे. तो संपता संपता दुल्पद हे जलद गाणे सुरू होते आणि लय उडी मारते. रुंबा संपून पुढचा नाच सुरू झाला, की मला नेहमी तेच आठवते.

मांडवीपलीकडे

जुना ट्रम्पेट, फार सुंदर लिहिलेत. मार्दोलच्या जत्रेतून थेट लग्नाच्या हॉलमध्ये गेल्यासारखे वाटले.

एक शंका आहे. आमच्या बेतीच्या बाजूला एक जण किझोंबा शिकवतो आणि तोही लॅटिनच म्हणतो. तो नाच पोर्तुगीज गाण्यांवर असल्यामुळे गोव्याशी त्याचे जुने नाते आहे, असे त्याचे म्हणणे. हे खरे मानावे का?

सहावा ठोका

किझोंबा अंगोलाचा. १९८०च्या दशकात लुआंडामध्ये तिथल्या सेंबा नाचात फ्रेंच कॅरिबियन बेटांवरचा झुक मिसळला आणि तो घडला. शब्द किंबुंदू भाषेतला, अर्थ साधारण जल्लोष. सालसाच्या महोत्सवांत तो शेजारच्या खोलीत शिकवला जातो म्हणून लॅटिनच्या यादीत आला, एवढेच. अंगोला आणि गोवा एकाच पोर्तुगीज सत्तेखाली होते हे खरे, पण आपण १९६१ साली त्यातून बाहेर पडलो, तेव्हा किझोंबा जन्मायचा होता.

नातेच शोधायचे, तर ते इंत्रूजमध्ये, म्हणजे आपल्या कार्निव्हालमध्ये, शोधा. पोर्तुगीज लोक ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाच्या आधी 'एंत्रुदो' नावाचा धिंगाणा घालत. एकमेकांवर पाणी, पीठ आणि वाटेल ते फेकत. तोच एक फाटा ब्राझीलला गेला आणि रिओच्या कार्निव्हालचा पूर्वज झाला, दुसरा इथे आला आणि आपल्या बोलीत इंत्रूज झाला. तिकडे त्याला ब्राझीलच्याच बाईया प्रांतातून आलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ढोल आणि सांबा मिळाला, इकडे आपले घुमट आणि खेळ. पणजीच्या मिरवणुकीत पिसे लावून सांबा करणारी मंडळी दिसली, की आपल्याकडचे लोक 'परकी नक्कल' म्हणून नाके मुरडतात. ती चुलत भावाची नक्कल आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

फोंडेकरीण

सर्वांचे आभार. मधल्या दोन आठवड्यांत काय झाले ते लिहिते.

पाठीवरचा क्रमांक यांनी निरोपातून सुचवल्याप्रमाणे लेकीला आमच्या ओसरीच्या गुळगुळीत लाल सिमेंटवर फक्त चालायला लावले. संगीत नाही, हात नाहीत. दोन, तीन, चार म्हणत पावले आणि 'एक'वर पाऊल न टाकता कंबरेला जागेवर येऊ देणे. पहिल्या दिवशी ती 'एक' म्हटले रे म्हटले की पाऊल टाकत होती, कारण सालसाची दोन वर्षे तिच्या पायांत मुरलेली. तिसऱ्या दिवशी सासूबाई खांबाला टेकून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अगो, घाई कित्याक? फुगडीक बसताना कशी आदी पाय रोवतां, तशी रोव आनी मागीर हाल." यावर लेकीने पाऊल रोवले, आणि चारानंतरचा 'एक' पहिल्यांदा रिकामा गेला. मला ते चार हातांवरून पाहिलेले आठवले. तेवढे सुबक नव्हते. पण कंबर कोणी हलवली नव्हती.

आम्ही ठरवले ते असे. शनिवारचा सालसा बंद करायचा नाही, कारण तिचे मित्रमैत्रिणी तिथे आहेत आणि आम्हां दोघांनाही तिथेच करमते. रविवारी सकाळी ती चा-चा-चा आणि जाइव्ह, एवढे दोनच, स्पर्धेच्या पद्धतीने शिकेल. वर्षभर अर्ज भरायचा नाही. रुंबा ओसरीपुरता. वर्गाच्या शिक्षकांशीही बोलले. पाटीवर आता 'सालसा, बचाटा' असे लिहितो, असे ते म्हणाले. पाटी अजून जुनीच आहे.

आता एक अडचण उरली आहे. साध्या बुटांनी सिमेंटवर पाय अडकतो, आणि मोज्यांनी घसरतो. कोणाकडे ३६ मापाचे, बुटक्या टाचेचे, खालून मऊ चामड्याचे वापरलेले बूट असतील, तर कळवावे. पावसाळ्याच्या आत मिळाले तर बरे.

अनवाणी

माझ्या एका विद्यार्थिनीच्या बहिणीचे आहेत, पण ३७ आहेत. मुलगी वाढती आहे, तेव्हा सहा महिन्यांत बसतील. चालतील का?

पाठीवरचा क्रमांक

नको. या बुटांत बोटे पुढच्या कडेला टेकलेली असावी लागतात. एक माप मोठे घेतले, तर पाऊल आत सरकते आणि गिरकीत घोटा जातो. ३६ मिळेपर्यंत ओसरीवर अनवाणीच चालू द्या. मिळाले, की पावसाळ्यात ते कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको. ओल धरली, की खालचे चामडे दाबून गुळगुळीत होते आणि त्यावरून लेक थेट अंगणात जाईल. तसे झालेच, तर वाळवून तारेच्या ब्रशाने एकाच दिशेने हलके घासावे. ब्रश माझ्याकडे जास्तीचा आहे. शनिवारी पणजीला याल तेव्हा घेऊन जा.